दंडावरचा देवीचा व्रण आणि बहात्तरीतल्या पेशी

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे, मधुमेह आहे, दंडावर देवीच्या लसीचा व्रण अजून ठसठशीत दिसतो. वय झालं की प्रतिकारपेशीही म्हाताऱ्या होतात असं ऐकलं. मग लहानपणच्या लसींचं आणि आजारांचं संरक्षण उरलंय का? आणि आता नागिणीची, न्यूमोनियाची, फ्लूची लस टोचली तर त्या थकल्या पेशी काही शिकतील का?

गाभा आधी सांगून टाकतो. उतारवयात जुनं राखणं बऱ्यापैकी जमतं, नवं शिकणं जड जातं. ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ या तीन शब्दांत या दोन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या जातात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. शाळेतली कविता साठ वर्षांनी घडाघडा म्हणणारा माणूस नव्या फोनचा पासवर्ड विसरतो, तसंच काहीसं.

व्रणापासून सुरुवात करू. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये सापडला. म्हणजे वडिलांच्या पेशींनी त्या विषाणूला निदान पन्नास वर्षं पाहिलेलं नाही. तरीही देवीची लस घेतलेल्या लोकांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा रक्तातले प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून अडवणारी प्रथिनं) ७५ वर्षांपर्यंत जवळजवळ स्थिर आढळले. त्याच लसीने तयार केलेल्या टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या किंवा इतर पेशींना मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी) मात्र हळूहळू घटत होत्या, साधारण ८ ते १५ वर्षांत निम्म्या. एकाच टोचणीची दोन अंगं दोन वेगवेगळ्या गतीने उतरतात, हे पुढे उपयोगी पडेल.

याहून जुना आणि मला फार आवडणारा पुरावा फॅरो बेटांवरचा आहे. तिथे १७८१ मध्ये गोवर आला होता आणि मग थेट १८४६ मध्ये परतला. सुमारे ७,८०० वस्तीत ६,००० लोक आजारी पडले. डॅनिश डॉक्टर पीटर पॅनम यांनी नोंदवून ठेवलं की १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले ९८ म्हातारे तेव्हा हयात होते आणि त्यांतल्या एकालाही गोवर झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता, म्हणजे अधूनमधून उजळणी होत राहिली असंही म्हणता येत नाही.

आता हे राखलं कसं जातं ते बघू. एखादी दणकट पेशी पन्नास वर्षं तिजोरीत बसून राहते, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते निम्मंच खरं आहे.

रक्तातला आयजीजी जातीचा प्रतिपिंड साधारण २१ दिवसांत निम्मा होतो. नवा बनला नाही तर वर्षभरात त्याचा लाखावा हिस्सासुद्धा शिल्लक राहणार नाही. त्यामुळे वडिलांच्या रक्तात आज जो देवीविरोधी प्रतिपिंड आहे, तो गेल्या काही आठवड्यांत बनलेला ताजा माल आहे. तो बनवतात अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. लस टोचल्यावर काखेतल्या लसिकागाठीत (लिम्फ नोडमध्ये) बी पेशींची, म्हणजे प्रतिपिंड घडवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, चाळणी होते, सरस ठरलेल्या काही पेशी प्लाझ्मा पेशी बनून रक्तातून हाडांकडे जातात आणि मज्जेत जागा धरतात. तिथल्या आधारपेशी त्यांना सीएक्ससीएल-१२ नावाच्या रसायनाने खेचून घेतात आणि एप्रिल नावाच्या दुसऱ्या रेणूने जगवतात (महिन्याशी त्याचा संबंध नाही). अशी पेशी पुन्हा विभागत नाही. ती सेकंदाला हजारो प्रतिपिंड सोडत बसते, विषाणू समोर असो वा नसो. मज्जेतल्या जागा मोजक्या आहेत. जागा मिळाली नाही की पेशी काही दिवसांत मरते. काही लसींचा प्रतिपिंड सहा महिन्यांत घसरतो, त्याचं एक कारण इथे आहे: पेशी भरपूर तयार झाल्या, पण मज्जेत पोचून रुजल्या थोड्याच.

कोणता प्रतिपिंड किती टिकतो यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये ४५ लोकांचे वर्षानुवर्षांचे रक्तनमुने तपासून २००७ मध्ये आकडे निघाले. धनुर्वाताचा प्रतिपिंड निम्मा व्हायला ११ वर्षं, घटसर्पाचा १९, कांजिण्यांचा ५०, रुबेलाचा ११४, आणि गोवराचा हिशेब ३,००० वर्षांवर गेला, म्हणजे व्यवहारात तो उतरतच नाही. खरा विषाणू, किंवा त्याचं दुबळं केलेलं जिवंत रूप, शरीरात वाढतं आणि आपल्या पृष्ठभागावर तेच प्रतिजन (प्रतिकारपेशी ओळखतात तो रेणू) ओळीने, दाटीने मांडतं, तेव्हा बी पेशीला जोरदार आणि लांबलेला इशारा मिळतो. धनुर्वाताची लस म्हणजे निष्प्रभ केलेलं सुटं विष. ते असं दाटीने मांडलेलं नसतं, म्हणून त्याचा ठसा उथळ उमटतो.

हे आकडे थेट दवाखान्यात उतरतात. आपल्याकडे दोन टोकांच्या सवयी आहेत. खिळा लागला, पत्रा लागला, की दर वेळी टीटी (नुसत्या धनुर्वाताची लस); कुठे कुठे तर ‘सहा महिने झाले, आता परत घ्या’ असंही सांगतात. ११ वर्षांत निम्मा होणाऱ्या प्रतिपिंडाला सहा महिन्यांनी टोचण्यात काहीच अर्थ नाही. उलट रक्तात आधीच भरपूर प्रतिपिंड असताना पुन्हा प्रतिजन टोचलं की दोघांची गुठळी जागीच जमते आणि दंड कोपरापर्यंत सुजतो. लोक त्याला ‘लस बाधली’ म्हणतात. ती अतिरेकाची सूज असते. नियम साधा आहे: आधी पूर्ण क्रम झाला असेल तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला १० वर्षं उलटली असतील तरच, आणि माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला ५ वर्षं उलटली असतील तर.

दुसरं टोक अधिक काळजीचं. भारतात व्यापक लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळ पुरुषांचा धनुर्वात-घटसर्पाचा पहिला तीन डोसांचा क्रम कधी झालेलाच नसतो. बायकांना निदान गरोदरपणात टीटी मिळालेलं असतं. वडिलांच्या हातात कागद नसेल तर झालं नाही असं धरून टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या जोडलसीचे) तीन डोस द्यावेत: आज, चार आठवड्यांनी, आणि मग सहा ते बारा महिन्यांनी. पुढे दर दहा वर्षांनी एक. टीटी नको, टीडीच मागा. त्यात घटसर्पही येतो आणि सरकारी लसीकरणातही आता टीटीची जागा टीडीने घेतली आहे.

यावर नेहमीचा प्रतिप्रश्न येतो: प्रतिपिंड उतरला तरी स्मृतिपेशी, म्हणजे जुना रोग आठवणाऱ्या बी आणि टी पेशी, असतात ना? असतात. पण स्मृतिपेशीला जागं होऊन, विभागून, पुरेसा प्रतिपिंड बनवायला चार ते सात दिवस लागतात. रोगाने तेवढी सवड दिली तर ती पुरते. हिपॅटायटिस बी संसर्गापासून आजारापर्यंत दीड ते सहा महिने घेतो. म्हणून ज्याचा प्रतिपिंड एकदा १० युनिटच्या वर गेला होता आणि वीस वर्षांनी शून्याजवळ आला, त्याला निरोगी असल्यास बूस्टर लागत नाही. फ्लू दोन दिवसांत गाठतो. धनुर्वातात तर विष मज्जातंतूला चिकटलं की प्रतिपिंडाच्या हाताबाहेर जातं. आणि माणूस मारायला पुरेल इतकं विषसुद्धा स्मृती घडवायला अपुरं असतं. धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही लस टोचूनच घरी पाठवावं लागतं ते यामुळे. म्हणजे काही रोगांना दारात उभा पहारेकरी हवा, काहींना गावातून कुमक बोलावली तरी चालते.

कुमक किती चोख काम करते, हे पाहायचं तर कुत्रा चावल्यावरची लस बघा. पहिल्यांदा लस घेणाऱ्याला दंडात ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, किंवा कातडीत दोन जागी ०.१ मिली याप्रमाणे ०, ३, ७, २८ व्या दिवशी डोस लागतात. रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंड) भरावं लागतं. ज्याचा हा क्रम आधी पूर्ण झाला आहे, त्याला पुन्हा कुत्रा चावला तर ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस, इम्युनोग्लोब्युलिन नाही. मधे दहा वर्षं गेली असली तरी हेच. इतक्या जीवघेण्या रोगात हा हिशेब स्मृतिपेशींच्या भरवशावर चालतो. (साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं दोन्ही वेळा आलंच. आणि लस दंडात. कुल्ल्यावर टोचली तर चरबीत अडकते आणि प्रतिपिंड कमी बनतो. हिपॅटायटिस बीचंही तसंच.)

टी पेशींची गोष्ट वेगळी आहे. त्या प्लाझ्मा पेशींसारख्या एका जागी बसत नाहीत. विषाणू गेल्यावर लढणाऱ्या टी पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक मरतात आणि उरलेल्या स्मृतिपेशी होतात. त्यांना जगायला प्रतिजन लागत नाही, इंटरल्यूकिन-७ आणि इंटरल्यूकिन-१५ या दोन रसायनांचा तुटपुंजा रतीब पुरतो. त्या अधूनमधून एकदा विभागतात, तेवढ्याच मरतात, संख्या टिकते. गावातली माणसं बदलतात पण गाव राहतं, तसं.

किती अधूनमधून? अटलांटातल्या एमरी विद्यापीठात पीतज्वराची (यलो फीवरची) लस दिलेल्या स्वयंसेवकांना जड पाणी प्यायला देऊन हे मोजलं. जड पाण्यातला जड हायड्रोजन नव्या डीएनएत जाऊन बसतो. पेशी पुढे विभागल्या की तो पातळ होत जातो. त्यावरून दिसलं की त्या लसीने घडलेल्या स्मृती टी पेशींची एक विभागणी व्हायला सरासरी ४५० दिवसांहून जास्त लागतात. वर्षाकाठी एकही नाही. याच लसीने घडलेल्या, मूळपेशींसारखी नवनिर्मितीची ताकद राखून असलेल्या टी पेशी २५ वर्षांनंतरही रक्तात सापडल्या आहेत. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं. केनियाला वगैरे जाणाऱ्यांनी जुनं कार्ड फेकू नये.

‘पण प्रत्येक विभागणीत गुणसूत्राच्या टोकाची टोपी, म्हणजे टेलोमियर, झिजते आणि ठरावीक वेळा विभागली की पेशी संपते ना?’ बहुतेक पेशींसाठी खरं आहे. टी पेशी मात्र जागी झाली की टेलोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) चालू करून ती टोपी काही प्रमाणात पुन्हा विणते. ही ताकद कुठवर जाते, हे मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड मॅसोपस्ट यांच्या गटाने तपासलं. उंदराला लस द्यायची, टी पेशी स्मृतीत स्थिरावू द्यायच्या, मग त्यातल्या थोड्या काढून नव्या तरुण उंदरात घालायच्या आणि पुन्हा लस द्यायची. असं करत एकूण ५१ लसी, दहा वर्षं. उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. पेशींची एकूण वाढ १ वर ४० शून्यं एवढ्या पटीच्या पुढे गेली, आणि तरीही त्या लढत होत्या, कर्करोगी झाल्या नाहीत. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बातम्यांतून निसटली, ती म्हणजे मधली विश्रांती. ५१ लसी दहा वर्षांत, म्हणजे दोन डोसांमध्ये सरासरी दोन महिन्यांहून जास्त अंतर. तेवढ्यात पेशी शांत होऊन पुन्हा स्मृतीच्या अवस्थेत येतात. प्रतिजन हटतच नसेल, जसं जुनाट हिपॅटायटिसमध्ये किंवा कर्करोगात, तर त्याच पेशी काही आठवड्यांत थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१सारखे ब्रेक चढतात. म्हणून थकणं आणि म्हातारं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या पेशीचा ब्रेक काढता येतो, कर्करोगावरच्या काही औषधांचं काम तेच. जरेला पोचलेली पेशी विभागतच नाही; ती सीडी२८ हा आपला कान गमावते आणि नुसतं दाह वाढवणारं रसायन सोडत बसते. लसीच्या दोन डोसांत अंतर ठेवायला सांगतात ते याच विश्रांतीसाठी. ‘आलोच आहे तर दुसराही आजच द्या’ हा हट्ट म्हणून नडतो.

मग म्हातारं होतं तरी काय? मुख्यतः नवी भरती. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर, थायमस नावाची ग्रंथी असते. मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात आणि इतकं नेमकं नाव दुसऱ्या भाषेत क्वचितच असेल. कोऱ्या, म्हणजे अजून कोणताच रोग न पाहिलेल्या, टी पेशी इथेच शिकून बाहेर पडतात. ग्रंथी बालपणापासूनच आटायला लागते, तिची जागा चरबी घेते, सत्तरीत कोऱ्या पेशींचा ओघ जेमतेम उरतो. त्यानंतर कोऱ्या पेशींचा साठा टिकतो तो जुन्याच कोऱ्या पेशी विभागून. संख्या भरते, पण विविधता घटते. ज्येष्ठांमध्ये कोऱ्या टी पेशींच्या ग्राहकांची (प्रतिजन ओळखणाऱ्या रिसेप्टरांची) विविधता तरुणांपेक्षा दोन ते पाच पटींनी कमी मोजली गेली आहे. सीडी८ जातीच्या (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) कोऱ्या पेशींची घट सगळ्यात ठळक असते.

ही ग्रंथी मोठेपणी बिनकामाची, हा समजही आता टिकत नाही. हृदयशस्त्रक्रियेत ती वाटेत येते म्हणून काढून टाकलेल्या प्रौढांचा पाठपुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के, ग्रंथी शाबूत असलेल्या तशाच रुग्णांत २.८ टक्के.

दुसरं ओझं सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणूचं. भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासून मुक्कामाला असतो. त्रास देत नाही, पण त्याच्यावर पाळत ठेवण्यात स्मृती टी पेशींपैकी सरासरी १० टक्के गुंतलेल्या असतात, काही ज्येष्ठांत याहून बऱ्याच जास्त. तिसरं, अंगात कायम धुमसणारा मंद दाह; मधुमेह आणि पोटावरची चरबी त्यात भर घालतात. चौथं, काखेतल्या गाठींची रचना सैल पडते, बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी ढिल्या होतात, आणि चांगल्या बी पेशी निवडायची चाळणी नीट चालत नाही.

म्हणून पूर्णपणे नव्या रोगापुढे ज्येष्ठ आधी कोसळतात. २०२० मध्ये कोविडचे मृत्यू वयाबरोबर चढत गेले ते यामुळेही. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदा पीतज्वराची जिवंत लस घेणाऱ्यांत प्रतिपिंड उशिरा येतो आणि गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून तिथे दहा वेळा विचार करावा लागतो. याच्या अगदी उलट चित्र २००९ मध्ये होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि अख्खं शहर तोंडाला फडकं बांधून फिरू लागलं. तो फ्लू तरुणांना जास्त झोंबला आणि साठीपुढच्यांना तुलनेने कमी गाठत होता. १९५७ पर्यंत फिरणारा फ्लू १९१८ च्या साथीचा वंशज होता, नव्या विषाणूचा तोंडवळा त्याच्याशी जुळत होता, आणि म्हाताऱ्यांच्या बी पेशींना तो चेहरा आठवत होता. १९१८ ची साथ अनुभवलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्तातून त्या विषाणूविरुद्धच्या बी पेशी २००८ मध्ये प्रत्यक्ष वेगळ्या काढल्या गेल्या.

आठवण वयाने जाते त्याहून लवकर ती एका रोगाने जाते, तो म्हणजे गोवर. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींच्याच दारातून आत शिरतो. लस न घेतलेल्या मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा ११ ते ७३ टक्के खजिना पुसला गेलेला दिसला. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा पुरळ ओसरलं की आई-बाप निश्चिंत होत होते. पुढचे काही महिने ते मूल न्यूमोनिया-जुलाबांना सोपं सावज असतं, ही गोष्ट घरोघर पोचत नाही. नातवंडांचे ९ आणि १६ महिन्यांचे गोवर-रुबेला डोस चुकवू नका.

आता नागीण. जुनं टिकणं आणि उतरणं या दोन्ही गोष्टी इथे एकाच रोगात दिसतात. कांजिण्या झाल्यावर विषाणू मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर दडून बसतो. वर पाहिलं तसा त्याच्याविरुद्धचा प्रतिपिंड निम्मा व्हायलाच ५० वर्षं लागतात. सत्तरीत तो भरपूर असतो. तरी नागीण होते, कारण प्रतिपिंड मज्जातंतूच्या पेशीत पोचत नाही. तिथे पहारा टी पेशींचा, आणि तोच वयाने विरळ होतो. कुणी प्रतिपिंडाची चाचणी करून ‘तुम्हाला नागीण होणार नाही’ म्हणत असेल तर त्याने चुकीची गोष्ट मोजली आहे.

पहिली लस होती लहान मुलांच्या कांजिण्यांच्या लसीतलाच जिवंत विषाणू, किमान १४ पट मात्रेत. साठीपुढच्यांत एकूण ५१ टक्के नागीण टळली, पण सत्तरीपुढे ३८ टक्केच. ‘म्हाताऱ्या पेशी शिकत नाहीत’ हा समज अशा आकड्यांतून पक्का झाला. मग दुसरी लस आली. तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन, ग्लायकोप्रोटीन-ई, ५० मायक्रोग्रॅम, आणि सोबत दोन उद्दीपकं (लसीचा परिणाम वाढवणारे पदार्थ): चिलीतल्या किलाया झाडाच्या सालीतलं सॅपोनिन आणि साल्मोनेलाच्या भिंतीतून काढून सौम्य केलेला एक स्निग्ध रेणू. ही उद्दीपकं काखेतल्या गाठीत काही तासांत धोक्याची घंटा वाजवतात आणि पेंगुळलेल्या स्मृती टी पेशी जाग्या होतात. सत्तरीपुढच्यांत परिणाम ८९.८ टक्के, आणि पन्नाशीपुढच्या सगळ्यांचा हिशेब धरला तर सहाव्या ते अकराव्या वर्षांतही ८० टक्क्यांच्या आसपास. पेशी म्हाताऱ्याच होत्या, हाक बदलली. आणि मुख्य म्हणजे ही लस काही नवं शिकवत नाही, साठ वर्षांपूर्वीच्या कांजिण्यांची आठवण उजळते.

भारतात ती २०२३ पासून ५० वर्षांपुढच्यांना मिळते. दोन डोस, ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत, मधे २ ते ६ महिने. महाग आहे, त्यामुळे पुष्कळ जण एकच घेऊन थांबतात. तो पैसा अर्धा वाया जातो. पहिल्या दोन-तीन दिवसांत दंड दुखणं, ताप, अंग मोडून येणं होतं. सहांपैकी साधारण एकाला रोजची कामं सुचत नाहीत इतकं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या डोसला फिरकत नाही. नागीण होऊन गेली असली तरी ती पूर्ण बरी झाल्यावर लस घ्यावी.

न्यूमोनियाच्या लसीत क्रम चुकतो. जुनी २३ प्रकारांची लस म्हणजे जिवाणूच्या कवचातली नुसती साखर. टी पेशींना साखर दिसत नाही, त्यामुळे स्मृती घडत नाही. उलट असलेल्या स्मृती बी पेशी त्यात खर्ची पडतात आणि पुढचा डोस फिका जातो. नव्या संयुक्त लसींत तीच साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, म्हणजे टी पेशीला पकडायला मूठ मिळते. १३ प्रकारांच्या संयुक्त लसीने ६५ वर्षांपुढच्यांत त्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्के आणि रक्तात पसरणारा आजार ७५ टक्के टाळला. आधी ही १३ प्रकारांची संयुक्त, मग किमान एक वर्षाने २३ प्रकारांची. कुणी आधीच २३ ची टोचली असेल तर संयुक्तसाठी वर्षभर थांबा.

फ्लूची लस दर वर्षी, आणि इथे महिना महत्त्वाचा. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. डिसेंबरात घेतलेल्या डोसचा प्रतिपिंड जूनपर्यंत, ज्येष्ठांत विशेषतः, बराच उतरलेला असतो. एप्रिल-मे मध्ये, दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस मागा. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो, वाचून घ्या. दुकानात मागच्या हंगामाचा माल उरलेला असतो.

वडिलांसाठी व्यवहार्य वेळापत्रक: मे महिन्यात फ्लू आणि संयुक्त न्यूमोनिया एकाच दिवशी दोन दंडांत, दोन-तीन आठवड्यांनी नागिणीचा पहिला डोस आणि टीडीचा क्रम सुरू, ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये नागिणीचा दुसरा. नागिणीची लस फ्लूबरोबर देता येते, पण ताप नक्की कशाचा हे कळावं म्हणून वेगळी ठेवलेली बरी वाटते. साखर थोडी चढी आहे म्हणून लसी पुढे ढकलू नका. साखर आटोक्यात येण्याची वाट बघण्यात फ्लूचा हंगाम निघून जातो. पुढेमागे मूत्रपिंड कमजोर होऊ लागलं तर हिपॅटायटिस बी डायलिसिसच्या आधीच उरकावं. साठीला या लसीचा प्रतिसाद तसाही ७५ टक्क्यांवर आलेला असतो, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर दुप्पट मात्रा, ४० मायक्रोग्रॅम, लागते.

‘इम्युनिटी प्रोफाइल’ नावाच्या रक्तचाचण्यांवर पैसे घालवू नका. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम २ टक्के रक्तात असतात. बाकीच्या गाठी, प्लीहा, आतडं, कातडी आणि मज्जेत. शिवाय सीडी४-सीडी८चा (टी पेशींच्या दोन जातींचा) आकडा कमी-जास्त आला तर करायचं काय, हे त्या अहवालात नसतं. काढे-गोळ्यांनी यौवनलोपी ग्रंथी परत उगवत नाही. रापामायसिनसारख्या (मूळ वापर अवयवरोपणात) औषधांवर काम चालू आहे, एका प्रयोगात ज्येष्ठांचा फ्लूच्या लसीला प्रतिसाद २० टक्क्यांच्या आसपास वाढला. पुढच्या मोठ्या चाचणीत त्याच जातीचं औषध नापास झालं. नेटवर वाचून ते घेऊ नये. साधी गोष्ट अशी की ५५ ते ७९ वयाच्या, आयुष्यभर सायकल चालवणाऱ्यांत थायमसमधून नुकत्याच निघालेल्या पेशी बैठ्या समवयस्कांपेक्षा जास्त आढळल्या.

शेवटी औषधांची यादी. लस घेण्याआधी ती डॉक्टरांपुढे ठेवाच. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर जिवंत लस नको; वर सांगितलेल्यांपैकी फ्लूची टोचायची, न्यूमोनिया, टीडी आणि नागिणीची नवी लस, या जिवंत नाहीत, त्या चालतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे ते थांबवतात, पण ते ज्याने सुरू केलं त्याच्याच सल्ल्याने. आणि रिटुक्सिमॅब ठरलं असेल तर लसी निदान दोन, जमल्यास चार आठवडे आधी उरका. ते औषध पृष्ठभागावर सीडी२० ही खूण असलेल्या सगळ्या बी पेशी पुसून टाकतं, त्यामुळे पुढचे सहा महिने नवी लस जवळजवळ वाया जाते. मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींवर मात्र सीडी२० नसतं. त्यामुळे ते इंजेक्शन घेतल्यावरही वडिलांच्या रक्तात देवीविरोधी प्रतिपिंड बनत राहील.